लाल, पिवळा, जांभळा

जमिनीखालच्या गुहेत, भिंतभर लावलेल्या संगणकाच्या पडद्यांसमोर जेझेबेल जेट ब्रूस वेनशी बोलते आहे. आपण ज्याच्यावर प्रेम करतो तो माणूस रात्री बॅटमॅन होऊन गॉथम शहरात हिंडतो, हे तिला नुकतंच कळलंय. ती आरडाओरडा करत नाही. फार समजुतीने, मायेने बोलते. एका लहान मुलाच्या डोळ्यांदेखत त्याचे आईवडील मारले गेले, ते मूल त्यातून कधी सावरलंच नाही आणि त्याने स्वतःभोवती हा सगळा डोलारा उभा केला, असं तिला वाटतं. मग ती मुद्द्याला हात घालते. 'ब्लॅक ग्लव्ह' नावाच्या ज्या अदृश्य शत्रूचा तू रात्रंदिवस माग काढतो आहेस, तो खरोखर आहे कशावरून? तुझ्या तोडीचा शत्रू उरला नाही म्हणून तूच तो तयार केला नसशील कशावरून? ब्रूसला उत्तर सुचत नाही. मागच्या पडद्यांवर एक निरर्थक शब्द उमटलेला असतो: झूर-एन-आर. हे काय आहे, असं ती सहज विचारते, आणि जगातला सर्वांत सावध माणूस उभ्या जागी कोसळतो.

हा प्रसंग 'बॅटमॅन' मासिकाच्या ६७७व्या अंकातला, २००८ सालचा. ग्लासगोचे लेखक ग्रँट मॉरिसन आणि चित्रकार टोनी डॅनियल यांनी त्या वर्षी मे ते नोव्हेंबर या काळात ६७६ ते ६८१ अशा सहा अंकांत 'बॅटमॅन आर.आय.पी.' ही कथा सांगितली. ही प्रस्तावना त्या कथेची. तिच्यात कोण कोणाला फसवतं, शेवटी काय होतं, हे पुढे मी बरंचसं सांगणार आहे. ज्यांना काहीही कळू न देता वाचायचं असेल त्यांनी आधी ते सहा अंक वाचावेत आणि मग इकडे यावं. माझ्या मते मात्र आधी कळल्याने या कथेचं काही बिघडत नाही. गुन्हेगार कोण, हे कोडं तिच्यात आहे खरं, पण ते तिचं दुय्यम अंग आहे. माणसाचं मन पद्धतशीरपणे कसं उसवलं जातं आणि उसवलं जात असताना ते कशाला धरून राहतं, हा तिचा गाभा.

बॅटमॅनला मारायला निघालेले शत्रू १९३९ पासून चिक्कार झाले. त्यांची तऱ्हा ठरलेली: सापळा, विष, बॉम्ब, तळघर, करवत. असा शत्रू समोर उभा राहतो, नाव सांगतो, हसतो. त्याच्यावर राग धरता येतो, आणि राग हा माणसाला ताठ ठेवणारा मोठा आधार असतो. ब्लॅक ग्लव्हची मंडळी हाच आधार आधी काढून घेतात. ही अतिश्रीमंत लोकांची टोळी, चांगल्या माणसाचा नाश होतो की नाही यावर पैजा लावणारी. त्यांचा म्होरक्या डॉक्टर सायमन हर्ट, पेशाने मनोविकारतज्ज्ञ. त्यांनी घाई केलेली नाही. गॉथमच्या भिंतींवर कुणीतरी झूर-एन-आर ही अक्षरं रंगवत राहतं. मग ब्रूसच्या मृत आईवडिलांची एक फाईल फिरू लागते: वडील मेलेच नव्हते, आई व्यसनी होती, घरातल्या जुन्या नोकराचे आणि तिचे संबंध होते. एक अक्षरही खरं असायची गरज नाही. बॅटमॅन ज्या एका आठवणीवर उभा आहे तिच्यावर डाग पडला की काम झालं. बॅटमॅनचा घरच्यांसारखा माणूस आल्फ्रेड त्याच गुहेत मार खाऊन पडतो. मोठा शिष्य नाइटविंग अर्खम या वेड्यांच्या इस्पितळात रुग्ण म्हणून डांबला जातो. आणि जिच्यापाशी मन मोकळं करावं ती जेझेबेल त्यांचीच निघते. तिचं ते गुहेतलं समजूतदार बोलणं दुसऱ्यांदा वाचताना अंगावर येतं. ज्याच्यावर खरोखर हल्ला चालू आहे त्या माणसाला हे सगळे तुझ्या मनाचे खेळ आहेत, असं प्रेमाने समजावणं, यापेक्षा नेमका घाव दुसरा नाही.

या कथेची मुळं बरीच मागे जातात, आणि ती ठाऊक असली तर वाचनाचा कस वाढतो. जून १९६३ मध्ये 'बॅटमॅन'च्या १५६व्या अंकात बिल फिंगर यांनी लिहिलेली आणि शेल्डन मोल्डॉफ यांनी चितारलेली एक कथा आली होती, 'रॉबिन डाइज अ‍ॅट डॉन'. तिच्यात बॅटमॅन एका परक्या ग्रहावर भरकटतो, दगडी राक्षस त्याच्या मागे लागतो, आणि पहाटे त्याच्या डोळ्यांसमोर त्याचा बालसाथीदार रॉबिन चिरडून मरतो. मग कळतं की हे काही घडलेलंच नाही. अंतराळात एकटेपणाने माणसाच्या मनाचं काय होतं हे तपासायला बॅटमॅन स्वखुशीने एका बंद खोलीच्या प्रयोगात सामील झाला होता, आणि हा सगळा त्याच्या एकाकी मेंदूने रचलेला भास होता. प्रयोग संपतो, पण भास संपत नाहीत. ऐन चकमकीत त्याला ते राक्षस पुन्हा दिसू लागतात. काही काळ तर आपल्या हातून हे काम आता होणार नाही, असंच तो ठरवतो. तेव्हाच्या बालवाचकांच्या कथांमध्ये असा खचलेला नायक फारच विरळा.

बिल फिंगर यांच्या डोक्यात हे कुठून आलं ते मला ठाऊक नाही, पण त्या काळच्या हवेत ते होतं. १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला माँट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात डॉनल्ड हेब यांच्या प्रयोगशाळेत विद्यार्थ्यांना दिवसाला २० डॉलर देऊन एका छोट्या खोलीत नुसतं पडून राहायला सांगत. डोळ्यांवर उजेड येईल पण आकार दिसणार नाही असा चष्मा, हातात मोजे, कोपराखालपासून बोटांच्या पुढे जाणारी पुठ्ठ्याची नळकांडी, कानांशी फोमची उशी आणि एकसुरी घरघर. खाण्याला आणि शौचाला तेवढी सुट्टी. काहीही न करण्याचे एवढे पैसे त्या वेळी भलतेच होते, तरी बहुतेक जण दोनतीन दिवसांपलीकडे टिकले नाहीत. आधी विचार भरकटू लागत, मग चित्रं दिसू लागत. एकाला पाठीवर पोतं टाकून बर्फातून शिस्तीत चाललेल्या खारींची रांग दिसली होती. याहून महत्त्वाची गोष्ट पुढची. या अवस्थेत त्यांना भुताखेतांविषयीची भाषणं ऐकवली, तर ती त्यांना एरवीपेक्षा अधिक पटत. कोरियाचं युद्ध चालू होतं, कैद्यांचं मन बदललं जातं अशा बातम्यांनी पाश्चात्त्य देशांत भीती पसरली होती, आणि या संशोधनाला कॅनडाच्या संरक्षण खात्याचा पैसा होता. पुढे अमेरिकेच्या पहिल्या अंतराळवीरांची निवड करताना उमेदवारांना अंधाऱ्या, आवाजबंद खोलीत ठेवून पाहिलं गेलं. १९६३ चा बॅटमॅन ज्या खोलीत शिरला तिच्या भिंती अशा खऱ्या होत्या.

त्या जुन्या कथेत प्रयोग करणारा डॉक्टर बिननावाचा, चार चौकटींपुरता येतो आणि जातो. मॉरिसन यांनी पंचेचाळीस वर्षांनी त्याच्याकडे पुन्हा पाहिलं आणि विचारलं, की जो माणूस बॅटमॅनच्या मनात दिवसचे दिवस एकटा वावरला त्याने तिथे काय ठेवलं असेल? तो डॉक्टर म्हणजेच हर्ट. त्याने त्या अंधाऱ्या खोलीत एक शब्द पेरून ठेवला. हव्या त्या क्षणी तो उच्चारला की ब्रूस वेन नावाचं माणूसपण बंद पडावं, अशी सोय.

हा शब्दही मॉरिसन यांनी शोधलेला नाही. फेब्रुवारी १९५८ मध्ये, ११३व्या अंकात, फ्रान्स हेरन यांनी लिहिलेली आणि डिक स्प्रँग यांनी काढलेली एक कथा आहे. झूर-एन-आर नावाच्या ग्रहावर दुसराच एक बॅटमॅन राहतो, लाल, पिवळ्या आणि जांभळ्या रंगाच्या पोशाखातला. तो आपल्या बॅटमॅनला मदतीला बोलावून घेतो, तिथे आपला नायक सुपरमॅनसारखा उडू शकतो, आणि परतताना त्याला 'बॅट-रेडिया' नावाचं एक यंत्र भेट मिळतं. कथा मोठी गोड आहे. पण पुढच्या काळात अशा कथांची सगळ्यांना लाज वाटू लागली.

त्या लाजेचा इतिहास थोडक्यात सांगितला पाहिजे. १९५४ मध्ये फ्रेडरिक वर्थम या मनोविकारतज्ज्ञाने कॉमिक्स मुलांना बिघडवतात असा आरोप करणारं पुस्तक काढलं. त्याच वर्षी अमेरिकी सिनेटच्या उपसमितीपुढे सुनावण्या झाल्या आणि घाबरलेल्या प्रकाशकांनी स्वतःवर आचारसंहिता लादून घेतली. रक्त गेलं, भय गेलं. मग बॅटमॅनने करायचं काय? तो परग्रहांवर जाऊ लागला, रंग बदलू लागला, त्याच्याभोवती बॅट-माइट नावाचं एक खट्याळ, जादूई पिल्लू घोटाळू लागलं. १९६४ मध्ये संपादक बदलले आणि हे सगळं गुपचूप काढून टाकण्यात आलं. १९७०च्या दशकात बॅटमॅन पुन्हा रात्रीचा, गंभीर झाला. १९८६ मध्ये फ्रँक मिलर यांनी 'द डार्क नाइट रिटर्न्स' आणल्यावर तर त्याच्या चेहऱ्यावरचं हसू कायमचंच मावळलं. जाणत्या वाचकांमध्ये असा संकेत रूढ झाला की ती रंगीबेरंगी दहा वर्षं धरायचीच नाहीत, ती घडलीच नाहीत.

मॉरिसन यांनी २००६ मध्ये 'बॅटमॅन'चं लेखन हाती घेतलं तेव्हा त्यांनी उलट भूमिका घेतली. सगळं घडलं. १९३९ पासून छापली गेलेली प्रत्येक गोष्ट एकाच माणसाच्या आयुष्यात, साधारण पंधरा वर्षांत घडली. ज्याने हे सगळं भोगलं त्याचं मन कसं असेल, याचा विचार करा. त्यात परग्रह आले, ती बंद खोली आली, मेलेला रॉबिन आला. अशा न उलगडणाऱ्या, सांगायला लाज वाटावी अशा प्रकरणांची नोंद बॅटमॅन वेगळ्या काळ्या वहीत ठेवतो, ही त्यांनी घातलेली भर. एके काळी मुंबईहून निघणाऱ्या इंद्रजाल कॉमिक्समधून मराठीत आलेला वेताळ ज्यांनी वाचला आहे त्यांना कवटीगुहेतल्या त्या जाडजूड वह्या आठवतील. पिढ्यानपिढ्यांच्या वेताळांनी आपले पराक्रम त्यांत लिहून ठेवलेले असत. बॅटमॅनची काळी वही याच्या अगदी उलट आहे. तिच्यात पराक्रम नाहीत. जे पटत नाही, जुळत नाही, ज्याचा अर्थ लागत नाही, ते तिच्यात आहे. आणि तरीही ते लिहिलेलं आहे, फाडून टाकलेलं नाही.

मला या कथेविषयी जे म्हणायचं आहे ते इथे येऊन ठेपतं. ब्लॅक ग्लव्हचा सगळा डाव एका समजुतीवर उभा आहे: बॅटमॅनचं मन म्हणजे शिस्तीचा, तर्काचा एक कडेकोट वाडा, आणि त्यात अतर्क्य काही शिरवलं की तो ढासळेल. डाव फसतो तो बॅटमॅन अधिक कणखर निघतो म्हणून नव्हे. अतर्क्याला त्याने आधीच घरात जागा दिलेली होती. बंद खोलीतल्या त्या प्रयोगानंतर, कुणीतरी आपल्या मनात घुसू शकतं हे कळल्यावर, त्याने शत्रूने पेरलेल्या त्याच शब्दाच्या तळाशी आपला एक राखीव माणूस दडवून ठेवला. ब्रूस वेन बंद पडला तर चालू होणारा. आणि त्या राखीव माणसाला त्याने पोशाख कुठला दिला? आयुष्यातल्या सगळ्यांत हास्यास्पद भासाचा.

६७८व्या अंकात हे घडतं ते नीट पाहण्यासारखं आहे. शत्रूंनी ब्रूसला अमली पदार्थ टोचून, चिंध्या नेसवून गॉथमच्या रस्त्यावर फेकून दिलंय. त्याला स्वतःचं नाव आठवत नाही. कचऱ्यात पडलेल्या या माणसाला ऑनर जॅक्सन नावाचा एक बेघर म्हातारा उचलतो, दुकानातली ढकलगाडी ढकलत शहरभर फिरवतो, धीर देतो आणि निरोप घेताना हातात एक मोडका ट्रान्झिस्टर ठेवतो. मग दुसऱ्याच कुणाकडून कळतं की ऑनर जॅक्सन आदल्याच दिवशी मेला होता. मग ब्रूसला कोण भेटलं? कथा सांगत नाही, आणि न सांगण्यातच तिची ताकद आहे. मोडका ट्रान्झिस्टर म्हणजे बॅट-रेडिया. ब्रूस मिळतील त्या कापडांच्या तुकड्यांतून लाल, पिवळा, जांभळा पोशाख शिवतो. शेवटच्या पानावर तो हातात बॅट घेऊन उभा राहतो आणि आपण झूर-एन-आरचे बॅटमॅन असल्याचं जाहीर करतो. पन्नास वर्षं ज्या पोशाखावर वाचक हसले तो पहिल्यांदाच भीतिदायक दिसतो. त्याच्यासोबत बॅट-माइट असतो, त्यालाच दिसणारा. अर्खमच्या दारापाशी आल्यावर मात्र हे पिल्लू थबकतं. आपण त्याच्या विवेकाचा शेवटचा अंधुक आवाज आहोत आणि या दारातून आपल्याला आत येता येणार नाही, असं ते सांगतं. ज्या पात्राला बालिश म्हणून हाकललं गेलं त्याच्याच तोंडी विवेकाचं काम द्यावं, ही मला मॉरिसन यांच्या कल्पकतेतली सर्वांत सुंदर जागा वाटते.

या कथेशेजारी ठेवून वाचावी अशी एक दुसरी कथा आहे, आणि भीतीच्या बाबतीत मी तिला वरचा नंबर देईन. १९८६ मध्ये फ्रँक मिलर आणि डेव्हिड मझुकेली यांनी 'डेअरडेव्हिल'च्या २२७व्या अंकापासून 'बॉर्न अगेन' सांगितली. डेअरडेव्हिल म्हणजे मॅट मर्डॉक, न्यू यॉर्कच्या हेल्स किचनमधला आंधळा वकील. त्याची एके काळची प्रेयसी कॅरेन पेज मेक्सिकोत व्यसनाच्या गर्तेत आहे. एका डोसासाठी ती त्याचं खरं नाव विकते. ते नाव हातोहात गुन्हेगारांचा बादशहा किंगपिनपर्यंत पोचतं. किंगपिन मारेकरी पाठवत नाही. मॅटचं बँक खातं गोठतं. कर खात्याची चौकशी लागते. एका पोलिसाच्या खोट्या साक्षीने वकिलीची सनद जाते. मैत्रीण दुरावते. प्रत्येक गोष्टीला कागद आहे, शिक्का आहे, आणि कुठल्याच कागदावर शत्रूचं नाव नाही. मॅटला सगळ्यांचाच संशय येऊ लागतो, अगदी जुना जोडीदार फॉगी नेल्सनचासुद्धा. मझुकेली यांनी ही घसरण एका साध्या चित्राने दाखवली आहे. अंकामागून अंक सुरुवातीच्या पानांवर मॅट झोपलेला दिसतो, वरून पाहिलेला: आधी स्वतःच्या पलंगावर, मग भाड्याच्या हलक्या हॉटेलात अंग मुडपून, मग गल्लीत कचऱ्याच्या ढिगात. अंक उघडायचा आणि तो आज कुठे झोपला आहे एवढंच पाहायचं. पुढे वाचायच्या आधीच सगळं कळतं.

किंगपिनची चूक अहंकाराची. शेवटी तो मॅटचं घर स्फोटाने उडवतो, आणि एवढं नाटकी कृत्य कुणाचं असणार हे मॅटला राखेत उभं राहून क्षणात कळतं. शत्रूला चेहरा मिळतो. मॅट अजून पूर्ण खचलेलाच आहे, पुढे आणखी खाली जाणार आहे, पण आपल्याला वेड लागलेलं नाही एवढं त्याला समजलेलं असतं.

या दोन्ही कथांत अतिशयोक्ती वाटत असेल तर पूर्व जर्मनीकडे पाहावं. तिथल्या श्टाझी या गुप्त पोलीस यंत्रणेने जानेवारी १९७६ मध्ये १/७६ क्रमांकाचा एक आदेश काढला. सरकारविरोधी माणसांना तुरुंगात टाकलं की जगभर बोभाटा होतो, म्हणून त्यांना आतून झिजवायची पद्धत त्यात लिहून ठेवली होती: नावावर पद्धतशीर चिखलफेक, निनावी पत्रं, नोकरीत घडवून आणलेली अपयशं, मित्रमंडळींत एकमेकांविषयी पेरलेला संशय. माणूस बाहेर असताना त्याच्या घरात शिरून वस्तू थोड्या हलवून ठेवण्याचे प्रकारही झाले. चोरी काहीच नाही. तक्रार कशाची करणार, आणि केली तर ऐकणारा काय म्हणेल? जेझेबेलने गुहेत म्हटलं तेच. बर्लिनची भिंत पडल्यावर १९९०च्या दशकात दप्तरं खुली झाली आणि अनेकांना आपली फाईल वाचता आली. ती वाचताना दुःख होतंच, पण त्यांच्यातल्या कित्येकांना आपण त्या काळात भ्रमिष्ट झालो नव्हतो याचा पुरावा पहिल्यांदा हातात आला. कुठलीही काळी वही याहून मोठी नाही.

'बॅटमॅन आर.आय.पी.'मध्ये उणिवा आहेत आणि त्या झाकून मी तिची शिफारस करणार नाही. टोनी डॅनियल यांचं चित्रण मारामारीत जोरकस आहे, पण ज्या पानांवर मन सैरभैर होतं तिथे त्यांच्या चौकटी फारच सरळसोट राहतात. एक वर्ष आधी, ६६७ ते ६६९ या अंकांत ब्लॅक ग्लव्हचा पहिला फटका बसतो तेव्हा चित्रकार जे. एच. विल्यम्स होते. १९५५ मध्ये आलेल्या देशोदेशीच्या बॅटमॅनांना त्यांनी एका बेटावर एकत्र आणलं आणि प्रत्येकाला वेगळ्या काळाच्या रेखाटनशैलीत काढलं, इतकं की पान पाहूनच कोण कुठल्या दशकातून आला ते कळतं. तसा हात या सहा अंकांना लाभता तर! जेझेबेल जेटलाही कथेने पुरता न्याय दिलेला नाही. तिच्या तोंडी एवढी जबरदस्त वाक्यं आहेत, पण ती या टोळीत का आली हे कळायला आपल्याला पुरेशी पानं मिळत नाहीत. आणि शेवटी बॅटमॅन म्हणतो की तिच्यावर आपल्याला आधीपासूनच संशय होता. हे त्याच्या सावधपणाला शोभतं, पण त्याने तिचा गुहेतला प्रश्न थोडा स्वस्त होतो. तो प्रश्न त्याला खरोखर लागला होता, असं मानूनच मी ती पानं वाचतो.

बॅटमॅनच्या जुन्या शत्रूविषयी, जोकरविषयी, दोन शब्द. हर्ट त्याला भाड्याने आणलेला कलावंत समजतो. लाल आणि काळ्या रंगाचा एक खेळ या सहा अंकांत फिरत राहतो, पत्त्यांत, पाकळ्यांत, आणि बॅटमॅन त्यात अर्थ शोधत राहतो. मात्र जोकरला जे कळतं ते हर्टला कळत नाही: या माणसाच्या डोक्यात शिरायला गेलं की आपणच त्याने आखलेल्या खोलीत सापडतो. वर्षानुवर्षं आमनेसामने लढलेल्या उघड शत्रूला बॅटमॅन जितका ठाऊक आहे तितका लपून अभ्यास करणाऱ्या डॉक्टरला नाही.

शेवटच्या अंकात ब्रूसला हातपाय जखडून जिवंत पुरतात, आणि तो थडग्यातून वर येतो. मोडका ट्रान्झिस्टर चालू लागतो आणि अर्खमची सगळी यंत्रणा ताब्यात घेतो. हर्ट आपण ब्रूसचे वडील असल्याचा दावा करतो, त्यांचाच जुना वटवाघळाचा पोशाख चढवून. मग अगदी शेवटच्या पानावर कथा त्या मूळ रात्रीकडे जाते. सिनेमागृहातून 'झोरो' पाहून आईवडिलांसोबत बाहेर पडणारा लहान मुलगा. वडील चालता चालता सहज म्हणतात की झोरोसारखा माणूस आज असता तर त्याला अर्खममध्ये टाकलं असतं. त्यानंतर ते काही बोलू शकले नाहीत. त्या मुलाच्या कानात वडिलांच्या वाक्याचा शेवटचा तुकडा अर्धवट, विरूप होऊन राहिला, आणि त्याचाच ग्रह झाला, त्याचाच पोशाख झाला. शत्रूने हत्यार म्हणून वापरलेला शब्द वडिलांच्या तोंडचा होता. हर्टला याचा पत्ताच नसतो.

वाचायचा क्रम माझ्या मते असा असावा. आधी १९५८ आणि १९६३ च्या त्या दोन जुन्या कथा. 'द ब्लॅक केसबुक' नावाच्या संग्रहात अशा जुन्या कथा मॉरिसन यांच्या प्रस्तावनेसह एकत्र आल्या आहेत. त्या हसत, मुलांसारख्या वाचाव्यात. मग बेटावरचे तीन अंक, आणि मग हे सहा. पुस्तकरूपात काही वाचक ६८१व्या अंकाशी थांबतात. त्यांनी थांबू नये. पुढचे दोन अंक, ६८२ आणि ६८३, आल्फ्रेडच्या आवाजात सुरू होतात आणि बॅटमॅनच्या आयुष्यातली दशकं एकामागून एक उलगडत जातात. वाचकाला वाटतं की ही नुसती उजळणी आहे. प्रत्यक्षात डार्कसाइड या दैत्यदेवाच्या माणसांनी बॅटमॅनला यंत्राला जखडलंय. त्याच्या आठवणी उपसून काढायच्या, त्या नव्या देहांत भरायच्या आणि बॅटमॅनांचं एक सैन्य उभं करायचं, असा त्यांचा बेत. आठवणी भरल्या जातात: ती गल्ली, आईच्या गळ्यातून तुटलेली मोत्यांची माळ, मेलेला रॉबिन, ती बंद खोली, तो ग्रह. आणि ते नवे, बळकट, बिनइतिहासाचे देह किंचाळत मरू लागतात, कारण हे एवढं घेऊन उभं राहणं त्यांच्यातल्या एकालाही जमत नाही.